उसना सुलतान

आगादेझमध्ये सुलतानाच्या घराण्याची गोष्ट सांगतात ती अशी. सहारातल्या आईर डोंगराच्या आसऱ्याने राहणाऱ्या तुआरेग टोळ्यांचं आपसात पटत नव्हतं. कधी विहिरीवरून, कधी चराईवरून, कधी पळवलेल्या उंटांवरून रोज नवं भांडण. एका टोळीचा माणूस वर बसला की बाकीच्यांच्या पोटात दुखायचं. शेवटी सगळ्यांनी मिळून इस्तंबूलला माणसं पाठवली आणि तिथल्या सुलतानाकडे एक राजा मागितला. त्याच्या राण्यांपैकी एकही आपला मुलगा त्या वाळवंटात धाडायला तयार होईना. मग एका दासीच्या मुलाला पाठवण्यात आलं, आणि तोच आईरचा पहिला सुलतान झाला.

तारखा ताडून पाहिल्या तर ही गोष्ट टिकत नाही. अरबीत लिहिलेल्या आगादेझच्या बखरी पहिल्या सुलतानाचं नाव युनुस असं देतात आणि तो १४०५ च्या सुमारास गादीवर आल्याचं सांगतात. इस्तंबूल तुर्कांच्या हाती आलं ते १४५३ मध्ये. म्हणजे या टोळ्यांची माणसं खरंच तिथवर गेली असती, तर त्यांना भेटला असता तो ख्रिस्ती बादशहा. पण कथा खोटी असली तरी तिच्यातला हिशोब पक्का आहे. राजा बाहेरचा हवा, म्हणजे तो कुणा एका टोळीचा होणार नाही. आईकडून दासीचा हवा, म्हणजे खानदानी सरदारांपुढे त्याची मान फार ताठ होणार नाही. आणि नाव मात्र मोठ्या घराचं हवं, म्हणजे परक्या व्यापाऱ्यांत त्याचा शब्द चालेल. पाचशे वर्षं आगादेझ उभं राहिलं ते या तडजोडीवर.

हे शहर आजच्या नायजर देशात, आईरच्या दक्षिण पायथ्याशी आहे. डोंगर दोन हजार मीटरपर्यंत चढतो, त्यामुळे भोवतालच्या वाळवंटापेक्षा इथे थोडा पाऊस जास्त पडतो आणि नदीच्या कोरड्या पात्रांत विहिरी खणता येतात. पूर्वेला तेनेरे नावाचं, दिवसचे दिवस गवताची काडी न दाखवणारं मैदान. दक्षिणेला बाजरीचा मुलूख, हौसा लोकांची कानो, कात्सिना ही श्रीमंत शहरं. (आपल्या भाकरीतली बाजरीसुद्धा मूळची याच पट्ट्यातली, चारएक हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली.) उत्तरेला घात, तुआत आणि पुढे त्रिपोली. या सगळ्या दिशांचा माल जिथे एकमेकांना भेटू शकतो अशी पाण्याची जागा फार नाही. आगादेझ ही त्यातली एक.

पहिली मात्र नव्हे. तिच्याआधी पश्चिमेला तकेद्दा होतं. इब्न बतूता १३५३ मध्ये तिथे पोचला तेव्हा गाव तांब्यावर जगत होतं. घरं लाल दगडाची, पाणी तांब्याच्या खाणींवरून वाहत येणारं, म्हणून रंग आणि चव बिघडलेली. गुलाम बाया आणि बाप्ये जमिनीतून कच्चं तांबं खणून काढत, घराघरांत ते वितळवत आणि त्याच्या कांड्या पाडत. बारीक कांड्यांवर मांस आणि सरपण मिळे, जाड कांड्यांवर धान्य, लोणी आणि माणसं. बतूताने स्वतःही तिथे एक शिकलेली दासी विकत घेतली आणि मग मोरोक्कोच्या सुलतानाचा बोलावण्याचा हुकूम आल्यावर तो परत निघाला. ज्या तांड्याबरोबर निघाला त्यात सहाशे गुलाम बाया होत्या. तो हे उंटांच्या संख्येसारखं एका ओळीत नोंदवतो आणि पुढच्या मुक्कामाकडे वळतो. सहारातल्या व्यापाराबद्दल लिहिताना सोनं, मीठ, विद्या यांचा झगमगाट सगळेच दाखवतात. या सहाशे बायाही त्याच वाटेने चालत गेल्या.

पुढे तकेद्दा मागे पडलं आणि पंधराव्या शतकात आईरचे सुलतान आगादेझला स्थिरावले. शहर वसलं तेही टोळ्यांच्या पद्धतीने. प्रत्येक टोळीने आपला तळ जिथे ठोकला होता तिथेच तंबूंच्या जागी मातीची घरं उठवली, तळाच्या हद्दी तशाच राहिल्या आणि दोन तळांमधली मोकळी वाट म्हणजे गल्ली झाली. जुन्या आगादेझचे अकरा मोहल्ले आजही त्यामुळे वेडेवाकडे आहेत. एकही रस्ता धड सरळ जात नाही.

या मातीच्या पसाऱ्यातून मशिदीचा मनोरा सत्तावीस मीटर वर जातो. कच्च्या विटांचा इतका उंच मनोरा जगात दुसरा नाही असं मानतात. बांधकाम १५१५ चं सांगतात आणि १८४४ मध्ये तो पुन्हा उभारला. तळाशी रुंद, वर निमुळता, आणि चारी अंगांनी लाकडाचे वासे बाहेर आलेले. पाहणाऱ्याला ते काम अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. खरं तर त्या वाशांवर पाय ठेवून गवंडी वर चढतात आणि भिंती लिंपतात. पाऊस वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर, पण पडतो तेव्हा झोडपून पडतो, आणि मातीच्या भिंतीला एक सर पुरते. म्हणून परांची कायमचीच बांधून ठेवलेली.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हसन अल-वझान, म्हणजे युरोपात लिओ आफ्रिकानस म्हणून गाजलेला प्रवासी, आगादेझबद्दल लिहितो तेव्हा ते तटबंदीचं, चांगल्या घरांचं शहर झालेलं असतं. रहिवासी बहुतेक परदेशी व्यापारी. स्थानिक म्हणावेत असे थोडे, आणि तेही एकतर कारागीर नाहीतर राजाचे शिपाई. कानो आणि बोर्नूच्या वाटेवर लुटारूंचा सुळसुळाट असल्याने व्यापारी हत्यारबंद गुलामांचा जथा बरोबर ठेवत. राजाला परक्या मालावर जकात मिळे, आणि त्यातून तो टिंबक्टूच्या राजाला, म्हणजे सोंघाय साम्राज्याला, दीड लाख दुकात खंडणी भरे. आकडा फुगवलेला असावा; लिओचा हात आकड्यांच्या बाबतीत सढळ आहे. पण सोंघायचा राजा आस्किया मुहम्मद याने आगादेझवर स्वारी करून ते अंकित केलं होतं हे खरं. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या बंदुकांपुढे सोंघाय कोसळलं, खंडणी थांबली, आणि मागे उरली ती भाषा.

ती ओळखली हाइनरिख बार्थने. ब्रिटिश सरकारने जेम्स रिचर्डसनच्या हाताखाली पाठवलेल्या मोहिमेतला हा जर्मन विद्वान. मोहीम आईरच्या उत्तर भागात थांबलेली असताना तो ऑक्टोबर १८५० मध्ये जवळपास एकटा आगादेझला गेला. केल एवे टोळीचा म्हातारा सरदार अन्नूर याने आपल्या जावयाला, हम्माला, बरोबर दिलं आणि शहरातलं आपलं घर उतरायला दिलं. बार्थचा नियम साधा होता: दिसेल त्याच्याशी बोलायचं आणि लगेच लिहून ठेवायचं. बाजारातल्या माणसांकडून शब्द गोळा करताना त्याच्या लक्षात आलं की ही बोली तर नायजर नदीकाठच्या टिंबक्टूची. मधे शेकडो मैल वाळवंट आणि तीच भाषा इथे पाण्यासारखी वाहते आहे. आज आगादेझमध्ये ती ऐकू येत नाही. हौसा आणि तुआरेगांची तमाशेक यांनी तिची जागा घेतली. पश्चिमेकडच्या इनगालमध्ये तिची बहीण अजून बोलली जाते.

बार्थला शहर ओसरलेलं दिसलं. पडक्या भिंती, ओस वाडे, आणि त्याच्या अंदाजाने सात हजार वस्ती. कधीकाळी पन्नास हजार असावी असं त्याला वाटलं. पण त्याचं नशीब असं की तो तिथे असतानाच नव्या सुलतानाचा, अब्द अल-कादिरचा, गादीवर बसण्याचा समारंभ झाला. इतीसान आणि केल गेरेस टोळ्यांचे सरदार पुढे चालले आणि सुलतानाला त्याच्या खासगी दालनातून दिवाणखान्यात आणलं. तिथे एक बाजेसारखा मंचक, त्यावर चटया आणि गालिचा. सुलतानाने त्यावर बसायचं, पण पाय जमिनीवरच टेकवून. पाय वर घेऊन ऐसपैस बसायचं ते केल एवेंनी विनंती केल्यावर. त्यांनी ती केली, सुलतानाने पाय वर घेतले, आणि आईरला राजा मिळाला.

मला आगादेझच्या राज्यघटनेचं याहून नेमकं कलम सुचत नाही. ज्यांनी पाय वर घ्यायला सांगितलं ते पुन्हा खाली ठेवायलाही सांगू शकत, आणि सांगतही. गादीवरून उतरलेले आणि परत चढलेले सुलतान आगादेझच्या वंशावळीत कमी नाहीत. फौज टोळ्यांची, उंट टोळ्यांचे. सुलतानाच्या हाती काझी, जकात आणि मध्यस्थी. खाण्याचं धान्य सोडून परक्या मालाच्या दर उंटामागे कर घेतला जाई. तो गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याचं दुसरं काम त्याहून मोठं होतं: दरसाल मिठाच्या तांड्याबरोबर दक्षिणेला सोकोतोपर्यंत जायचं आणि वाटेत सुलतानाच्या नावाने सर्वांना अभय द्यायचं. मोबदला मिठातच मिळे.

हे मीठ येई बिल्माहून. आगादेझच्या पूर्वेला, तेनेरेच्या पलीकडे, सुमारे सहाशे किलोमीटरवर हे मरूद्यान आहे. तिथले कानुरी लोक खड्ड्यांतलं खारं पाणी उन्हात आटवत, वर धरलेली साय फोडून खाली बसवत आणि तळाचे स्फटिक खरवडून काढत. बारीक, पांढरं मीठ माणसांसाठी. भरड, मातकट मीठ गुरांसाठी. हे दुसरं मीठ खजुरीच्या पोखरलेल्या खोडात ठोकून भरत आणि त्याच्या उंच, निमुळत्या ढेपा पाडत. एकेक ढेप पंधरा-वीस किलोची. हौसा मुलुखातल्या लाखो गुरांना चाटायला ती लागे, आणि म्हणून जगात कुठेही सोन्याचे भाव काहीही होवोत, बिल्माच्या मिठाला गिऱ्हाईक ठरलेलं.

तांडा निघायचा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास. आधी काही आठवडे आईरच्या दऱ्यांत गवत कापून त्याच्या पेंढ्या बांधायच्या, कारण तेनेरेत उंटाला खायला काही नाही. जाताना ओझं मुख्यतः चाऱ्याचंच, शिवाय बिल्माच्या लोकांसाठी बाजरी, सुकवलेलं मांस आणि कापड. वाटेत ठरलेल्या ठिकाणी पेंढ्या उतरवून ठेवत पुढे जायचं. त्या परतीच्या प्रवासासाठी. दुसऱ्याच्या पेंढ्यांना हात लावायचा नाही हा तेनेरेचा कायदा, कारण चारा संपलेला उंट वाटेतच बसतो आणि त्याच्यावरचं मीठ वाळूत राहतं.

एका उंटाच्या जबड्याची दोरी पुढच्या उंटाच्या ओझ्याला, असे मैलभर लांब माळके. पहाटे ओझी चढवली की रात्रीपर्यंत थांबणं नाही. दिवसाला चौदा-पंधरा तास चाल. थांबलं की शेकडो उंटांची ओझी उतरवायची आणि पुन्हा चढवायची, त्यापेक्षा चालत राहिलेलं परवडतं. म्हणून जेवणही चालता चालताच: बाजरीचं पीठ, खजूर आणि वाळलेलं बकरीचं चीज कुटून पाण्यात कालवायचं आणि लाकडी भांडं हातोहात फिरवायचं. चहासुद्धा चालता चालताच. एक पोरगा निखाऱ्यांची शेगडी हातात धरून चालतो, किटली उकळते, आणि छोटे पेले माळक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवले जातात. पुढे म्होरक्या. दिवसा सावली, रात्री तारे आणि पायाखालच्या वाळूचा रंग यावर तो दिशा धरतो. तेनेरेच्या मध्यावर एकच खूण होती, बाभळीच्या जातीचं एकटं झाड. आसपास शेकडो किलोमीटर दुसरं झाड नाही. त्याच्या शेजारी फ्रेंचांनी विहीर खणली तेव्हा कळलं की त्याची मुळं तीस मीटरहून खोल पाण्यापर्यंत उतरली होती.

बिल्माहून परत आल्यावर अर्धंच काम झालेलं असे. मीठ घेऊन तेच उंट दक्षिणेला कात्सिना, कानो, सोकोतोकडे जात. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणाऱ्या आपल्याकडच्या लमाणांच्या तांड्यांसारखेच हे लोकही एका मुलखातलं अडलेलं दुसऱ्या मुलखात विकून मधल्या फरकावर जगत. मिठाच्या बदल्यात बाजरी येई, आणि कानोजवळच्या कुरा गावचं नीळ दिलेलं कापड. हे कापड नीळ ठोकून ठोकून चकचकीत केलेलं, धुवायचं नाही असं. तुआरेग पुरुष ते डोक्याला आणि तोंडाला गुंडाळतो. फक्त डोळे उघडे. घामाने नीळ सुटते आणि कातडीवर बसते. बायका मात्र तोंड झाकत नाहीत. तंबू बाईचा असतो, लग्नात तो तिच्या माहेरून येतो, आणि मोडलं तर तंबू तिच्याबरोबर जातो; नवऱ्याने झोपायची जागा शोधायची. पण या मोकळेपणाच्या बुडाशी दुसरी एक पायरी होती. विहिरी उपसणारी, बागा शिंपणारी, शेळ्या राखणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या गुलाम होती. नायजरने गुलामी हा फौजदारी गुन्हा ठरवला तो २००३ मध्ये.

फ्रेंच आले ते विसाव्या शतकाच्या तोंडावर. १८९९ मध्ये फूरो आणि लामी यांची फौज आगादेझवरून गेली आणि त्यानंतर काही वर्षांत ठाणं पडलं. १९०६ मध्ये फ्रेंच पहाऱ्याखाली बिल्माला गेलेल्या तांड्यात सुमारे वीस हजार उंट होते. नव्या राजवटीची ही फुशारकी होती, आणि तिचीच दुसरी बाजू लवकर दिसली. लष्करी मोहिमांसाठी उंट हवे झाले की ते याच तांड्यांमधून ओढून नेले जात. परत येत ते थोडे.

या राजवटीविरुद्ध उठला तो इकाझकाझन टोळीतला काओसेन. तरुणपणीच तो उत्तरेला जाऊन सनुसी पंथाला मिळाला, बोर्कू-एनेदीत फ्रेंचांशी लढला, लिबियात उतरलेल्या इटालियनांशी लढला. पहिलं महायुद्ध पेटलं आणि सनुसींनी जिहाद पुकारला, तेव्हा त्याने घराकडे तोंड वळवलं. डिसेंबर १९१६ मध्ये तो सुमारे हजार माणसं, इटालियनांकडून पळवलेल्या बंदुका आणि एक तोफ घेऊन आईरमध्ये उतरला. १७ डिसेंबरला त्याने आगादेझच्या फ्रेंच गढीला वेढा घातला. सुलतान तेगामा वरकरणी फ्रेंचांचा, आतून काओसेनचा. गावात काओसेनचा झेंडा, गढीत फ्रेंचांचा, मधे काहीशे पावलं.

अडीच महिने हे चाललं. वाळवंटात तुआरेग लढतो तो उंटावरून, अचानक येऊन, अचानक नाहीसा होऊन. इथे त्याला एका जागी बसून भिंत फोडायची होती. तोफ एकच, गोळे मोजके. गढी पडली नाही. दक्षिणेकडून, झिंदरहून, मोठी फ्रेंच फौज चालून आली आणि ३ मार्च १९१७ रोजी वेढा उठला. काओसेन डोंगरात शिरला, लढत लढत पूर्वेला आणि उत्तरेला सरकत गेला आणि १९१९ मध्ये फेझानमध्ये मारला गेला. त्याला फ्रेंचांनी मारलं नाही. तिथल्याच सत्तेच्या भांडणात तो गेला. तेगामा पकडला गेला आणि १९२० मध्ये आगादेझच्या कोठडीत मेला. सरकारी नोंद आत्महत्येची आहे. गावात त्यावर विश्वास ठेवणारे फार नव्हते.

वेढा उठला त्यानंतरचा सूड मोठा होता. आगादेझ आणि इनगालमधले धर्मशिक्षक, मौलवी वेचून मारले गेले. पोथ्या लिहिणारी, वाचणारी पिढी एका फटक्यात कापली गेली. डोंगरातल्या लोकांना दक्षिणेला हाकललं. केल एवेंचं जुनं नगर असोदे ओस पडलं. बिल्माच्या तांड्यांना लागणारे उंटच उरले नव्हते. विसाव्या शतकात मिठाचा व्यापार मालमोटारींनी मारला असं म्हटलं जातं ते अर्धवट आहे. मोटारी यायच्या आधीच तो जखमी झालेला होता.

मोटारी आल्या त्याही तेनेरेतून. १९७३ मध्ये एका ट्रकने ते एकुलतं एक झाड पाडलं. शेकडो किलोमीटर मोकळ्या मैदानात ड्रायव्हरला धडकायला तेच सापडलं! खोड राजधानी नियामेच्या संग्रहालयात नेऊन ठेवलं आणि जागेवर लोखंडी झाड उभं केलं. त्याच सुमाराच्या दुष्काळाने कळप संपवले आणि भटके लोक आगादेझच्या कडेने झोपड्या घालून बसले. उत्तरेला आर्लीतला १९७१ पासून युरेनियम निघू लागलं. फ्रान्सचे दिवे त्यावर लागले, आईरच्या वाट्याला धूळ आणि थोड्या नोकऱ्या आल्या. १९९० ते १९९५ तुआरेगांचं बंड, २००७ मध्ये पुन्हा बंड. दोन्ही वेळच्या मागण्यांत एक होती: खाणीच्या पैशातला वाटा. मधल्या काळात पर्यटक आले, पॅरिस-डाकार शर्यतीच्या गाड्या आल्या, आणि सोनारांच्या आळीत आगादेझचा चांदीचा क्रूस विकत घेणारं गिऱ्हाईक रोज दिसू लागलं. गोळीबार सुरू झाला की गिऱ्हाईक गायब.

२०१३ मध्ये जुन्या शहराचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पण त्या दशकात आगादेझचा खरा धंदा वेगळाच होता. लिबियात गद्दाफी पडल्यावर युरोपला जाऊ पाहणारी पश्चिम आफ्रिकेतली पोरं इथे जमू लागली. दर सोमवारी टोयोटा पिकअपांचा ताफा लष्कराच्या गाड्यांमागे उत्तरेला निघे. मागच्या हौद्यात पंचवीस-तीस माणसं, कडेला खोचलेल्या काठ्या पायांत धरून बसलेली, पाण्याचे डबे बाहेर टांगलेले. गाडी चालवणारे बहुतेक जुने बंडखोर आणि गाईड, म्हणजे ज्यांना वाळूतली वाट माहीत. नगरपालिका दर प्रवाशामागे कर घेई. २०१६ या एका वर्षात नायजरमधून तीन लाखांहून जास्त माणसं उत्तरेला गेल्याची नोंद आहे.

युरोपच्या आग्रहावरून नायजरने २०१५ मध्ये कायदा केला आणि पुढच्या वर्षी तो बजावायला सुरुवात झाली. कालपर्यंत पावती देऊन चाललेला धंदा तस्करी ठरला. ड्रायव्हर तुरुंगात गेले, गाड्या जप्त होऊन पोलिसांच्या आवारात गंजल्या, आणि जे जातच राहिले ते विहिरी चुकवून जाऊ लागले, कारण विहिरीवर शिपाई बसलेला. तहानेने मेलेल्यांची प्रेतं वाळूत आधीही सापडत, यानंतर ती वाढली. नोव्हेंबर २०२३ मध्ये नियामेतल्या लष्करी सरकारने तो कायदा रद्द केला, त्याखालच्या शिक्षाही पुसून टाकल्या, आणि पिकअप पुन्हा उघडपणे ताफ्याबरोबर उत्तरेला निघू लागल्या.